उजवा कौल

घरातल्या मुलाबाळांचे बारसे करण्याचा प्रसंग प्रत्येक गृहस्थाच्या वाट्याला येतो. परंतु घरातल्या दिव्यांचे, पंख्यांचे आणि गाणाऱ्या पेटीचे बारसे करण्याचा प्रसंग माझ्यावर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आला. मी धंद्याने हिशेबनीस. बडोद्याच्या एका पेढीत रकाने भरण्यात माझे आयुष्य गेले. यंत्रांशी माझी सलगी कधीच नव्हती. तरीही गेल्या काही वर्षांत मी आमच्या फोंडे महालातल्या जुन्या घराला एका छोट्या संगणकाच्या स्वाधीन केले, आणि नंतर ते त्याच्या हातून अर्धे परत घेतले. त्या देण्याघेण्याची ही हकीकत आहे.

वडील 2019 साली गेले. आई तेव्हाच ऐंशीच्या घरात होती. बडोद्याला येऊन राहा म्हणून मी पुष्कळ विनवले. तिने एकदा येऊन पाहिलेही. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत तिला ना तुळस दिसे, ना देवळातला चौघडा ऐकू येई. महिन्याभरात ती परत गेली ती कायमची. आता आमच्यामध्ये आगगाडीची एक सबंध रात्र आणि वर अर्धा दिवस एवढे अंतर पडले. घर चिऱ्याच्या जाड भिंतींचे. पुढे वसरी, मध्ये राजांगण, त्याला लागून देवघर, मागे रांधण्याची खोली आणि उतरत्या पायऱ्यांवर न्हाणी. सकाळी एक बाई येऊन झाडलोट करून जाई. बाकीच्या वेळी त्या एवढ्या घरात आई, देव आणि तिचे दुखरे गुडघे.

मुलगा म्हणाला, "बाबा, आजीच्या घराला थोडे शहाणे करू या." त्याने 'होम असिस्टंट' नावाच्या एका संगणक-कार्यप्रणालीची ओळख करून दिली. पाउलस स्खाउटेन या गृहस्थाने ती 2013 मध्ये सुरू केली. पुढे जगभरच्या हजारो हौशी माणसांनी तिच्यात भर घातली, आणि 2024 पासून तिचा सांभाळ एका विश्वस्त संस्थेकडे आहे. तिचे मला आवडलेले वैशिष्ट्य असे की, ती आपल्याच घरात, आपल्याच कपाटातल्या तळहाताएवढ्या 'रास्पबेरी पाय' संगणकावर चालते. घरातला दिवा लावण्यासाठी परदेशातल्या कुणा कंपनीची अनुज्ञा मागण्याची गरज पडत नाही. देव्हाऱ्यातला देव घरचा असावा, तसा हा कारभारीही घरचाच.

पहिले काम नामकरणाचे. ही प्रणाली घरातली प्रत्येक वस्तू हुडकून काढते आणि तिला एक नाव देते. नावाच्या आधी कुळ लिहिते. दिव्याचे कुळ दिव्याचे, स्विचचे स्विचचे, आणि ध्वनी किंवा चित्र वाजवून दाखवणाऱ्या वस्तूंचे कुळ 'मीडिया प्लेअर'. कुळ आणि नाव यांच्यामध्ये एक टिंब. सगळे रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत. मध्ये जागा सोडायची नाही. आमच्या वसरीतल्या गाणाऱ्या पेटीला यंत्राने आपण होऊन दिलेले नाव होते 'मीडिया प्लेअर डॉट लिव्हिंग रूम टू'. मी ते आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आमच्या घरात लिव्हिंग रूम खंय आसा? आनी दुसरी खंयची?" प्रश्न रास्त होता. मग मी एका दुपारी बसून सारी नावे बदलली. वसरी, राजांगण, देवघर, न्हाणी. ज्या नावांनी वस्तूंना घरात कुणी हाक मारत नाही, त्या नावांनी नियम लिहिले, तर आठ दिवसांनी लिहिणाऱ्यालाच ते उमगत नाहीत, हे मला हिशेबाच्या वह्यांनी पूर्वीच शिकवले होते.

दुसरी अडचण चिऱ्याच्या भिंतींची. वायफायच्या लहरींना त्या जाड भिंती ओलांडताना धाप लागते. दिवे आणि सेन्सर ज्या 'झिग्बी' पद्धतीने एकमेकांशी बोलतात, तिची रीत निराळी आहे. तिथे विजेवर सतत चालणारे प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढच्याकडे पोचवते. कोरड्या बॅटरीवरचे मात्र केवळ आपल्यापुरते बोलून झोपी जाते. म्हणून राजांगणाच्या वाटेवर एक साधा प्लग बसवला. त्याला दुसरे काही काम नव्हते. देवघरातला निरोप वसरीपर्यंत पोचवावा, एवढेच. मला आमच्या गावची जुनी रीत आठवली. देवळात काही प्रयोजन निघाले की या घरची हाक त्या घराला, त्या घरची पुढच्या घराला, अशी ती वाड्याच्या टोकाला जाई.

तिसरे काम खुद्द गाणाऱ्या पेटीचे. वडील गावच्या भजनी मंडळात झांज धरीत. 1980 च्या सुमारास त्या मंडळाची एक फीत कुणीतरी घरगुती यंत्रावर भरून ठेवली होती. मुलाने ती संगणकाच्या भाषेत उतरवली. खरखर थोडी कमी केली, फार नाही, कारण खरखरीबरोबर झांजेची कडाही बोथट होऊ लागली. ती वाजवण्यासाठी वसरीत दुसरा एक तसाच छोटा संगणक ठेवून त्याला स्पीकर जोडला. त्यावर चालणाऱ्या कार्यक्रमाचे नाव 'म्युझिक प्लेअर डीमन'. हे डीमन म्हणजे काय, असे मी मुलाला विचारले. पडद्यामागे न दिसता सतत राबणाऱ्या कार्यक्रमाला संगणकशास्त्रात डीमन म्हणतात, असे त्याने सांगितले. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. विद्यापीठातल्या मंडळींनी हा शब्द रूढ केला. त्यांच्या मनात मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या विचारप्रयोगातला तो अदृश्य द्वारपाल होता, जो वेगवान आणि मंद कण निवडून दार उघडतो नि मिटतो.

आईला मी हे जमेल तसे समजावले. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे राखणदार." मी चकित झालो. गोमंतकातल्या कुठल्याही गावकऱ्याला ही कल्पना परकी नाही. गावाच्या शिवेवर देवचार फिरतो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. तो कुणाला दिसत नाही, परंतु वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो. वर्षातून एकदा त्याला रोट द्यावा, त्याचा मान राखावा, एवढेच त्याचे मागणे. आईने त्या डब्याकडे पाहून हात जोडले नाहीत. परंतु त्या दिवसापासून ती त्याला राखणदार म्हणू लागली.

आता राखणदाराला काम सांगायचे म्हणजे गाऱ्हाणे घालणे आले. नियम लिहिण्याची या प्रणालीची रीत तीन पदरांची आहे: निमित्त, अट आणि कृती. अमुक घडले, हे निमित्त; तमुक परिस्थिती असेल तरच, ही अट; आणि मग हे कर, ही कृती. सूर्य मावळला, हे निमित्त. घरात माणूस आहे, ही अट. वसरीचा दिवा लाव, भजन सुरू कर, आवाज पस्तीस शतांशावर ठेव, ही कृती. आवाजाचे माप तिथे शून्यापासून एकपर्यंत असते. पूर्ण आवाज म्हणजे एक, आणि आमची वसरी 0.35 ला भरून जाते. हे सारे ज्या 'यॅमल' नावाच्या लिपीपद्धतीत लिहिता येते, तिच्यात ओळीच्या आधी किती जागा मोकळी सोडली यावर अर्थ ठरतो. एक जागा चुकली की संपूर्ण गाऱ्हाणे फेटाळले जाते. माझ्यासारख्या रकानेवाल्या माणसाला हे जाचक वाटले नाही. उलट माहेरचे वाटले.

तरी पहिल्याच गाऱ्हाण्यात चूक निघाली. सूर्य केव्हा मावळतो, हे यंत्र पंचांगात पाहत नाही. आपण दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून ते स्वतः गणित करते. मी प्रणालीची पहिली मांडणी बडोद्याला बसून केली होती. साहजिकच तिच्या पोटात बडोद्याचे अक्षांश राहिले. जून महिन्याच्या अखेरीस आईचा फोन आला. "तुजो दिवो उशिरां लागता," ती म्हणाली. मी घड्याळे, तारा, वायफाय सारे तपासले, काही सापडेना. मग उमगले. बडोदे फोंड्यापेक्षा जवळजवळ सात अंश उत्तरेला. तिथला ज्येष्ठातला दिवस लांब. दोन गावांच्या सूर्यास्तांत त्या दिवसांत सुमारे पाव तासाचे अंतर पडते. आईच्या घरात सांज उतरून जात होती, आणि तिचा राखणदार माझ्या खिडकीतल्या सूर्याची वाट पाहत थांबला होता. मी आकडे बदलले, 15.4 उत्तर आणि 74 पूर्व. चूक दुरुस्त झाली, म्हणून मी निश्चिंत झालो. ती चूक मला काही सांगू पाहत होती, हे त्या वेळी ध्यानात आले नाही.

इथे मला शेजारच्या काकांविषयी सांगितले पाहिजे. ते कुळाने आमचे कोणी नव्हते. राजांगणाच्या पलीकडे एक कुंपण, त्यापलीकडे त्यांचे अंगण. वडील गेल्यापासून त्यांनी कुणी न सांगता एक काम अंगावर घेतले होते. रोज तिन्हीसांजेला ते आपल्या वसरीत येऊन आमच्या वसरीकडे पाहत. दिवा दिसला की आत जात. न दिसला तर खोकत, हाक मारत, आणि आईचे उत्तर ऐकूनच परतत. मला कधी आईचा फोन लागला नाही, तर मी काकांना फोन करी. ते म्हणत, "आसा रे, आसा. आतांच पळयली." त्या दोन शब्दांवर मी बडोद्यात निर्धास्त झोपे.

यंत्र बसवून झाल्यावर मी त्यांना मोठ्या ऐटीने सगळे दाखवले. बडोद्याला बसून मला दिसते, वसरीचा दिवा लागला की नाही, पेटी वाजते आहे की स्वस्थ आहे, रात्री न्हाणीच्या वाटेवर कुणी हालले की नाही. मग मी म्हणालो, "काका, आता तुम्हांला रोज संध्याकाळी बाहेर येऊन पाहण्याचा त्रास नको." ते हसले. "त्रास कसला?" एवढेच म्हणाले. त्यानंतर मी वर्षभरात त्यांना एकदाही फोन केला नाही. त्याची आवश्यकताच उरली नव्हती.

त्या वर्षभरात आणखी एक नियम मी घातला. पावसाळ्यात वीज ये-जा करी, जोडणी तुटे, आणि भजन मध्येच थांबे. आईने उठून ते पुन्हा सुरू करावे, हे मला नको होते. म्हणून असे लिहिले की, सूर्यास्तापासून साडेसातपर्यंत पेटी कोणत्याही कारणाने थांबली, तर एका मिनिटाने तिने पुन्हा गाऊ लागावे. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द लिहिताना मला त्यांचा अभिमान वाटला होता.

2023 सालच्या कार्तिकातली ती संध्याकाळ. सूर्य सहाच्या सुमारास मावळण्याचे दिवस. मी कचेरीतून येऊन मोबाईल उघडला. वसरीचा दिवा लागलेला दिसला, पेटीपुढे 'वाजत आहे' असे लिहिलेले होते. मी चहा घेतला. पुन्हा पाहिले, तर पेटी 'स्वस्थ'. मिनिटाने 'वाजत आहे'. पुन्हा 'स्वस्थ'. पुन्हा 'वाजत आहे'. असे तीनदा झाले. मी मनात म्हटले, जोडणी बिघडली असावी. बरे झाले, नियम घातला होता. आणि चौथ्यांदा पाहतो तो सारेच नाहीसे झाले. दिवा नाही, पेटी नाही, न्हाणीच्या वाटेवरचा सेन्सर नाही. घराशी जोडणी नाही, असा एकच निरोप पडद्यावर उभा.

वीज गेली असेल, असे मी स्वतःला सांगितले. आईला फोन केला. वाजत राहिला. पुन्हा केला. पाच मिनिटांनी पुन्हा. हजार कोसांवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे अशा वेळी काय काय येते, ते ज्यांची वृद्ध माणसे दूर आहेत त्यांना सांगायला नको. न्हाणीच्या त्या उतरत्या पायऱ्या मला दिसू लागल्या. आणि मग वर्षभराने माझी बोटे आपोआप काकांच्या नंबरावर गेली.

फोन कुणीतरी उचलला. बोलणारा आवाज ओळखीचा नव्हता; त्याच्यामागे बायकांचे रडणे ऐकू येत होते. "काका दनपारां गेले," तो म्हणाला. "चलयो मुंबयसावन येता. ताका लागून दवरल्यात." मी काही बोललो नाही. मग त्याने कुणाला तरी हाक मारली, आणि आईचा आवाज आला. ती तिथेच होती, काकींच्या शेजारी बसलेली. दुपारी धावत निघताना फोन घरीच विसरली होती.

काय झाले होते, ते तिने नंतर सांगितले. काकांचा देह अंगणात ठेवलेला. वाड्यावर प्रेत असेतोवर शेजारी चूल पेटवत नाहीत, देवापुढे घंटा वाजत नाही. बायका बसल्या होत्या, आणि कुंपणापलीकडे आमची वसरी एकाएकी दिव्याने झगझगली. पखवाज, झांजा आणि भजन सुरू झाले. आई काठी टेकत घरी आली आणि तिने पेटीची कळ दाबली. पेटी थांबली. ती पायऱ्या उतरते न उतरते तोच पुन्हा सुरू झाली. ती परतली. पुन्हा बंद केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पेटी गाऊ लागली तेव्हा तिने भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला, आणि सगळे घर अंधारात टाकून, दोन्ही हातांनी भिंत चाचपत, पायऱ्या उतरून ती काकींकडे गेली. तो आवाज तिच्या नवऱ्याच्या झांजेचा होता. तो तिला तीन वेळा बंद करावा लागला.

त्या फोनवर मात्र ती एवढेच म्हणाली, "पुता, तुज्या राखणदाराक सुतक कळना."

मी दुसऱ्या दिवशीची गाडी धरली. काकींसमोर बसलो तेव्हा क्षमा मागावी असे शब्द ओठांवर होते, परंतु त्याच म्हणाल्या, "तूं वायट दिसूंक दिवं नाका. तांकां भजन आवडटालें." आणि मग, थोड्या वेळाने, दुसरे काही सांगावे तसे त्यांनी सांगितले की, काका आदल्या संध्याकाळपर्यंत रोज वसरीत येऊन आमच्या दिव्याकडे पाहत होते. मी सुट्टी दिल्यानंतरही. "दिवो यंत्र लायता," असे ते म्हणत, "पूण आत वयनी आसा काय ना, तें यंत्र सांगना."

काकांनी एका वाक्यात जे सांगितले, ते माझ्या इतक्या नियमांत कुठेच नव्हते. दिवा लागला याचा अर्थ आई उठली, देवघरात गेली, तेल घातले, वात सारखी केली, असा पूर्वी होत असे. दिवा हा तिचा निरोप होता. तो मी यंत्राकडून लावून घेऊ लागलो, आणि तिचा निरोप तिच्या हातून काढून घेतला. ती न्हाणीत पडून राहिली असती, तरी वसरीचा दिवा वेळेवर लागला असता, भजन 0.35 वर वाजले असते, आणि मी बडोद्यात चहा पीत 'सर्व ठीक' म्हणालो असतो. शास्त्राने आमच्या घराला सुतक नव्हते, शेजारधर्माने होते. तो शेजारधर्म यंत्राला ठाऊक नव्हता, याचा दोष यंत्राचा नव्हे. गाऱ्हाणे मी घातले होते. अट लिहायची माझ्याकडून राहिली होती.

दहा-बारा दिवस मी घरी राहिलो. एका दुपारी आईशेजारी बसून विचारले, हे सगळे काढून टाकू का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, रात्री न्हाणीच्या वाटेवर आपोआप लागणारा दिवा राहू दे. त्याने पायरी दिसते. पण मी रात्री किती वेळा उठते, ते तुला बडोद्यात कशाला दिसायला हवे? मला उत्तर सुचले नाही. तिची काळजी करण्याच्या भरात, तिला कधी विचारलेच नव्हते. मी त्याच क्षणी तो निरोप बंद केला. आता तो सेन्सर पायरीवरचा दिवा लावतो, आणि कुणालाही काही सांगत नाही.

"आनी भजन?" मी विचारले. "तें जाय," ती म्हणाली. "पूण म्हाका विचारून."

विचारून! आमच्या देवळांत कुठलेही कार्य देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या अंगावर पाण्याने फुलांच्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, आणि थांबायचे. उजवी कळी पडली तर उजवा कौल, कार्याला लागावे. डावी पडली तर आज नाही. कुठलीच पडली नाही तर हात जोडून बसून राहावे. भटजी कितीही घाईत असोत, कळी आपल्या हाताने कुणी पाडत नाही. गाऱ्हाण्याची उपमा मला सुचली होती. कौलाची सुचली नव्हती. विनंती कशी करावी ते मी यंत्राला शिकवले, थांबावे कसे ते शिकवायचे विसरलो.

मग देवघराच्या चौकटीला, आईचा हात सहज पोचेल अशा उंचीवर, रुपयापेक्षा थोडे मोठे एक बटण चिकटवले. घड्याळातल्यासारखी एक चपटी बॅटरी त्याला पुरते. सारे नियम मी पुन्हा लिहिले. सूर्य मावळला की राखणदार वसरीचा दिवा मंद करून लावतो, पायरी दिसेल एवढाच, आणि थांबतो. आई देवापुढे समई लावते ती आपल्या हाताने. त्यात यंत्राचा शिरकाव नाही. मग ती वसरीत येऊन काकींच्या घराकडे एकदा पाहते. सारे ठीक दिसले तर परत येऊन बटण एकदा दाबते: दिवा मोठा होतो, भजन सुरू होते. बटण दाबून धरले तर दुसऱ्या सूर्योदयापर्यंत घर मुके राहते. वीज गेली-आली, जोडणी तुटली-जुळली, तरी पेटी तोंड उघडत नाही. आणि तिने काहीच केले नाही, तर काहीच होत नाही. 'कोणत्याही कारणाने' ही माझी लाडकी ओळ मी पुसून टाकली. स्पीकरची कळ कुणीही दाबली, तर ती शेवटची आज्ञा समजावी, असे तिच्या जागी लिहिले.

बडोद्यात मला आता एवढेच दिसते: उजवा कौल, डावा कौल, किंवा रिकामी जागा. हा निरोप आई स्वतः धाडते, म्हणून तो बाकी सर्व सेन्सरांच्या बातम्यांहून मला अधिक सांगतो. रिकामी जागा आठ वाजेपर्यंत राहिली, तर मी फोन करतो. फोन लागला नाही, तर काकींना करतो. निघण्यापूर्वी मी त्यांच्याकडे जाऊन हात जोडून म्हटले होते, "संध्याकाळी आमच्या वसरीकडे एकदा पाहत जा." त्यांनी उत्तरादाखल आपल्या वसरीतला दिवा दाखवला, जो आता आईने पाहायचा होता. हा नियम मी यंत्रात कुठेही लिहिलेला नाही.

परवा, मार्गशीर्षातल्या एका साध्या गुरुवारी, पडद्यावर डावा कौल आला. गावात काही वाईट घडले असेल, या शंकेने मी लगेच आईला फोन केला. पहिल्याच घंटेला तिने तो उचलला.

"कोणी गेले का?"

"ना रे. सगळीं बरीं आसात."

"मग आज भजन?"

"आज नाका दिसलें," ती म्हणाली. मागे रातकिडे ओरडत होते. दूर, देवळात चौघडा वाजत होता. आम्ही दोघेही थोडा वेळ तो ऐकत राहिलो. मी कारण विचारले नाही.